मुकुंदकाकाचं उघडं पान

ऐप्पसी लागली की तंजावरात काहीही वाळत नाही. साडी वाळत नाही, पोळपाट वाळत नाही, उंबऱ्यावर काढलेली रांगोळीसुद्धा ओलीच राहते आणि दुपारपर्यंत पायांना चिकटून घरभर फिरते. आश्विन-कार्तिकाच्या या दिवसांना आम्ही इथले मराठी लोकही तमिळ नावानेच ऐप्पसी म्हणतो. महाराष्ट्रात तेव्हा पाऊस गाशा गुंडाळून गेलेला असतो, लोक उटणी लावून फराळाच्या डब्यांशी खेळत असतात. आमच्याकडे तेव्हाच समुद्राकडून तो येतो आणि घरजावयासारखा बसून राहतो. धो धो पडेल तर पडून मोकळा होईल म्हणावं, तेही नाही. नुसती पिरपिर. मला या ऋतूचा मनापासून वैताग आहे आणि तो लपवण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

लग्नानंतर मी बरीच वर्षं पुण्यात काढली. देवनागरी तिथेच गिरवली, कारण आमच्यात मराठी बोलतात सगळे, वाचता येतं ते एखाद्यालाच. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही इथे परत आलो. आता दिवाळीला मुलगा आणि सून चेन्नईहून येतात आणि येताना आम्हाला सुधारण्याचा एखादा बेत घेऊन येतात. यंदाचा बेत होता बायपासवर नवीन उघडलेलं इटालियन हॉटेल. "अम्मा, एकदम ऑथेंटिक आहे," मुलगा म्हणाला. तिथे काचेच्या पेटीत प्लास्टिकची द्राक्षं टांगली होती आणि पोरसवदा वेटर आम्हाला "हाय गाइज" म्हणाला. पिझ्झ्यावर पनीर होतं, करीपत्ताही होता. मी मुलाला म्हटलं, "मला नको शिकवू. मी खरं खाल्लंय."

"तू? कोठं?"

तेवढ्यात सून माझ्या हातांकडे बघायला लागली. ताटलीखाली अंथरलेला कागद मी उचलून, वरची बाजू आपल्याकडे आणून, मधोमध दुमडून ठेवला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे काय करताय अम्मा?" सुनेने विचारलं. ती बिचारी कोल्हापूरची, तिला काय माहीत. केळीच्या पानावर जेवण झालं की पान दुमडायचं, वरचा भाग आपल्याकडे आणायचा. म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येऊ, नातं राहू दे. पलीकडे दुमडायचं ते फक्त तेराव्याच्या जेवणाला, असा प्रसंग पुन्हा या घरी न येवो म्हणून. इथल्या तमिळ लोकांची ही रीत आमच्या लोकांनी कधी उचलली कोण जाणे, पण उचलली ती अशी की आता आमच्यापेक्षा कट्टर कुणी नाही. लहानपणी मी एकदा चुकून पान पलीकडे दुमडलं, तर अप्पांनी भर पंगतीत माझ्या पाठीत धपाटा घातला होता आणि पाहुणे बिचारे पायसाचे द्रोण धरून बघत राहिले होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. पीडब्ल्यूडीत हेडक्लार्क. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा नियम होता आणि प्रत्येक नियमाला त्यांनी स्वतःपुरती एक पळवाट ठेवली होती. बाहेरचं खायचं नाही, पण प्रवासात चालतं. चहा नाही, पण डोकं दुखलं तर औषध म्हणून चालतो. चातुर्मास कडक. आश्विनात दूध वर्ज्य, म्हणून महिनाभर कॉफी काळी, आणि काळ्या कॉफीने त्यांचा स्वभाव असा व्हायचा की अम्मा म्हणायची, "देवानं दुधावर कां राग काढला गे, माझ्यावरच काढायचा होता." त्यात ऐप्पसीत तुला-स्नान. रोज पहाटे पहिल्या टाउन बसने तिरुवैयारूला जायचं, कावेरीत बुडी मारायची, भिजलेलं धोतर घेऊन परत यायचं आणि ते धोतर वाळत नाही म्हणून आमच्यावर ओरडायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

त्या वर्षी, नव्वदीच्या मधल्या काळात, माझं लग्न ठरलं होतं. मुहूर्त तै महिन्यातला, म्हणजे भात कापून झाल्यावर. मुलगा पुण्याकडचा, तेव्हापुरता त्रिचीच्या कारखान्यात नोकरीला. सगळं सुरळीत होतं. अडलं होतं ते मुकुंदकाकावर.

मुकुंदकाका अप्पांचा धाकटा भाऊ. माझ्या लहानपणी तो घर सोडून पाँडिचेरीला गेला, ते तिथल्याच फिलोमिना नावाच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचं म्हणून. मी तेव्हा एवढीशी होते. आठवतं ते इतकंच, की दुपारची पंगत बसली होती, आजोबा त्या मुलीबद्दल काहीतरी बोलले, शब्द मला कळले नाहीत पण स्वर कळला, आणि काका भरल्या पानावरून उठला. पानावर सांबाराने माखलेला भात होता आणि पायस वाढलेलं होतं. ते पायस हळूहळू ओघळत अप्पांच्या पानाकडे गेलं, कारण अप्पा त्याच्याच शेजारी बसले होते. अप्पांनी मान वर केली नाही. काकाला थांब म्हणाले नाहीत, आजोबांना गप्प बसा म्हणाले नाहीत. जेवत राहिले.

पुढे आजोबा वारले. काका तेव्हाही आला नाही, की त्याला कळवलंच नाही, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतं अप्पांचीच आहेत. मात्र एक गोष्ट अप्पा वर्षानुवर्षं एकाच शब्दांत सांगायचे. "लग्नाचं मला काही नाही गे. कुणाशी पण करू दे. तो पानावरून उठला. भरल्या पानावरून. अन् पान उघडंच टाकून गेला." जणू ते पान अजून स्वयंपाकघरात पडलं आहे आणि आम्ही सगळे त्याला ओलांडून ये-जा करतो आहोत.

मला काका लग्नाला हवा होता. दुसरं काही नको होतं, साड्या नकोत, दागिने नकोत. लहानपणी मला सायकलच्या दांड्यावर बसवून वडवार कालव्यावर नेणारा माणूस माझ्या लग्नात नाही, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी अप्पांना सरळ सांगितलं, काका येणार नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. अप्पा म्हणाले, "मग बसून कर."

असे दहा दिशांनी दहा वाद झाल्यावर अप्पांनी अट घातली. आधी एकदा त्याने अप्पांबरोबर पंगतीला बसावं, पूर्ण जेवावं, पान दुमडावं. मग लग्नाला येऊ दे. ठीक. पण बसायचं कुठे? काकाच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असं अप्पा आजोबांच्या हयातीत बोलून बसले होते. आमच्या घरात फिलोमिनाकाकू पाऊल टाकणार नव्हती. तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते कुणी मागे घेतलं नव्हतं, आणि मला विचाराल तर तिचं बरोबर होतं. आणि काकू येणार नसेल तर काकाही येणार नव्हता. म्हणजे तिसरी जागा हवी. कुंभकोणमचं कॉफी क्लब अप्पांना नको, तिथे सगळं ओळखीचं. चिदंबरमचं नको, तिथे सांबारात गूळ घालतात. मायावरमचं नको, कारण सांगितलं नाही.

देश तेव्हा उघडत होता म्हणे. आमच्या गल्लीत केबलची वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेली होती, रंगीत टीव्ही आले होते, दक्षिण कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं होतं. त्या बूथमधून मी काकाला फोन लावायची. काकाचा नंबर अम्माकडे होता, हे अप्पांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे अम्माला ठाऊक होतं. तरी सगळे न कळल्यासारखं करत होते. अप्पा माझ्याबरोबर बूथपर्यंत यायचे, पण आत यायचे नाहीत. काकाशी ते बोलत नव्हते ना! काचेच्या दाराबाहेर छत्री धरून भर पावसात उभे राहायचे आणि आत ओरडायचे.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, आमच्या इटालियन मेसमध्ये या. सोमवारी बंद असतं. फक्त आपल्यासाठी चूल पेटवतो."

काका तिथे मॅनेजर होता. फ्रेंचांच्या काळात कुणी एक इटालियन माणूस बोटीवरून उतरला आणि परत चढायचं विसरला, त्याने काढलेली ती खानावळ. तो जाऊनही जमाना झाला होता, पण जेवण त्याच्याच पद्धतीचं चालू होतं. नाव फ्रेंच की इटालियन होतं, मला कधी उच्चारता आलं नाही. गावातले रिक्षावाले इत्तालि मेस म्हणायचे.

मला वाटलं अप्पा आता छत्री फेकून चालू पडतील. ते काचेवर बोट आपटून म्हणाले, "विचार त्याला, इटलीत चातुर्मास असतो कां?"

मी विचारलं. पलीकडून काका हसला. कितीतरी वर्षांनी मी त्याचं हसू ऐकत होते आणि बूथमालक मीटरकडे बघत होता.

"सांग अण्णाला," काका अप्पांना अण्णाच म्हणायचा, "कांदा नाही, लसूण नाही. भांडी नवी काढतो. मासे-मटणाचा वास पण येणार नाही, ओटा-चूल अस्कं धुऊन घेतो."

"चमचे पण नवे!" बाहेरून अप्पा ओरडले. "अन् त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत नाहीये!"

मी दोन्ही सांगितलं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता छळ होता. इटालियन जेवणात चीज असतं हे अप्पांना कुठून तरी कळलं. आश्विनात दूध वर्ज्य, दही चालतं. मग चीज म्हणजे दूध की दही? अप्पा भटजींकडे गेले. भटजींनी विचारलं, चीज म्हणजे काय? अप्पांना सांगता येईना. ते माझ्याकडे आले, मलाही धड सांगता येईना, कारण मी ते फक्त जाहिरातीत पाहिलं होतं. शेवटी संध्याकाळी काळी कॉफी पिताना अप्पांनी निकाल दिला, की चीज हे नासलेलं दूध आहे, आणि जे नासलं ते दूध राहिलंच नाही. म्हणून चालतं. महिनाभर कॉफीत चमचाभर दूध न घालणारा माणूस परदेशी चीजला असा पाच मिनिटांत सोडून देतो हे बघून अम्माने कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "यांना जायचंच आहे गे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, एवढंच." मला तेव्हा तसं वाटलं नाही. मला वाटलं, ते भांडणाची तयारी करताहेत.

आणि हेही सांगते, की बेत ठरल्यावर अप्पांनी हो म्हणण्याचं कारण काय दिलं. "तिथं आपल्यातलं कुणी बघणार नाही," असं. एवढ्या एका वाक्यावर मी रात्रभर चिडून होते.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं बसने निघालो. अम्माच्या मांडीवर डबा, त्यात चिंचेचा भात. इटलीवर तिचा विश्वास नव्हता. पापनाशमपर्यंत अप्पा खिडकीतून शेतं बघत राहिले. सांबा भाताची रोपं लावून झाली होती आणि शेतात इतकं पाणी होतं की बांध दिसत नव्हते. अप्पा म्हणाले, "असं पाणी राहिलं तर मूळ कुजणार." मी म्हटलं, "आज तरी चांगलं बोला." ते म्हणाले, "पाण्याला सांग." कडलूरपर्यंत बसचं छत माझ्याच डोक्यावर गळत होतं.

खानावळ जुन्या रंग उडालेल्या पिवळ्या घरात होती, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. आत शिरल्यावर वास आला तो टोमॅटोचा, भाजलेल्या पिठाचा आणि कुठल्याशा पाल्याचा. तुळशीसारखा. अप्पांनी तेवढ्यात नाक वर करून हुंगलं आणि मान डोलावली, जणू तुळस आहे म्हटल्यावर इथे देवही असणार. भिंतीवर त्या इटालियन म्हाताऱ्याचा फोटो होता आणि त्याला मोगऱ्याचा हार घातलेला होता. एकच टेबल मांडलेलं होतं. लाल-पांढऱ्या चौकटींचं कापड, आणि प्रत्येकाच्या पुढे अंथरलेला कागद, त्यावर इटलीचा नकाशा. पाच खुर्च्या. पाचवी रिकामी.

काका दारापाशी उभा होता. केस पिकले होते. लहानपणीचा माझा काका काळ्याभोर केसांचा होता, आणि मी इतकी वेडी की तोच दिसेल असं धरून आले होते. तो अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी आशीर्वाद दिला, पण तोंडाने नाही, नुसता हात वर करून. "ती कोठं?" अम्माने हळूच विचारलं. "कामात आहे, येईल," काका म्हणाला. अप्पांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि ते नको तितक्या मोठ्याने खाकरले.

मग वाढणं सुरू झालं, म्हणजे आमच्या पद्धतीने बघता वैतागच सुरू झाला. आधी नुसतं सूप. सूप संपेपर्यंत दुसरं काही नाही. अप्पांना सगळं पान एकदम वाढलेलं लागायचं, मीठ डावीकडे, कोशिंबीर वर, भात मध्ये. इथे एकेक वस्तू एकटीच यायची. पुढे काय येणार याचा पत्ता नाही. सूप झाल्यावर त्यांनी माझ्या कानात विचारलं, "संपलं?" मग आला तो भात. ओलसर, मऊ, चीजमध्ये घोटलेला. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, पाण्याचा पेला उचलला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाताची शितं काढून चित्राहुती घातल्या. त्या चौकटीच्या कापडावर. इटलीच्या नकाशावर. कागदावरचा समुद्र खराखुरा ओला झाला. वेटर फडकं घेऊन धावत आला आणि काकाने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्याच वेळी मी बघितलं, की काकाही आपल्या ताटाभोवती पाणी फिरवतोय. इतक्या वर्षांनी. त्याचं पाणीही आपलं ओघळून अप्पांच्या बाजूला गेलं.

चित्राहुती घातल्या की जेवण संपेपर्यंत अप्पा बोलायचे नाहीत. मौन. हा त्यांचा एकच नियम असा, ज्याला पळवाट नव्हती. तेव्हा पंगत म्हणजे काकाने मला लग्नाबद्दल विचारायचं, मी उत्तर द्यायचं, अम्माने हूं करायचं आणि अप्पांनी नव्या चमच्याला हात न लावता पाची बोटांनी जेवायचं. भातानंतर हाताने केलेल्या रुंद शेवया आल्या, टोमॅटोच्या रसात. नंतर बटाट्याच्या छोट्या छोट्या गोळ्या, तुपासारख्या लोण्यात परतलेल्या. अप्पांनी एक तोंडात टाकली आणि थांबले. मला तो थांबा ठाऊक होता. गणपतीच्या दिवशी पहिल्या कोळुकट्टैला, म्हणजे आमच्याकडच्या मोदकाला, ते असेच थांबायचे. ते जेवत होते. इतकं मन लावून ते आमच्या घरीही जेवायचे नाहीत. आणि मला मेली अशी चीड आली, की या माणसाला हे सगळं आवडतंय, भाऊ समोर बसलाय, आणि हा एक शब्द बोलत नाही, मौनाच्या आडून बसलाय. नियम लोकांना कशासाठी हवे असतात ते मला त्या टेबलावर कळलं.

तेवढ्यात आतून एक बाई आल्या. पांढरा एप्रन, कपाळाला घाम, हातात गरम भांडं. मला वाटलं स्वयंपाकीण. त्या सरळ अप्पांच्या उजव्या बाजूला आल्या, आमच्यात वाढायला येतात तशा, आणि म्हणाल्या, "भाऊजी, अजून थोडं वाढू? कांदा नाही, लसूण नाही. अस्कं मीच केल्ये."

आमचं मराठी. तंजावरचं. शब्द अगदी काकाच्या तोंडचे.

अप्पांचा हात ताटात थांबला. अम्माने माझं मनगट धरलं. कुणीही काही सांगायची गरज नव्हती. त्या खानावळीच्या पहिल्या स्वयंपाक्याची ती मुलगी होती आणि बापामागे ती चूल तीच सांभाळत होती, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी सगळ्यांना एवढं कळलं होतं, की जिच्या हातचं पाणी प्यायचं नाही असं अप्पा इतकी वर्षं म्हणत आले, तिच्या हातचं ते अर्ध्याहून जास्त जेवून बसले होते.

आता काय करणार? आमच्या घरात वाढलेल्या माणसाला दोनच गोष्टी माहीत. एक, जेवत राहायचं. दुसरी, उठायचं.

मी काकाकडे बघितलं. तो अप्पांकडे बघत होता. त्याने हा बेत मुद्दाम केला होता की काकूने ऐनवेळी बाहेर यायचं ठरवलं, मी कधी विचारलं नाही. अप्पांनी डावा हात टेबलाच्या कडेवर टेकवला. उठताना टेकवतात तसा. झालं, म्हटलं. काका नाही, लग्न नाही, काही नाही.

आणि मग अप्पा अडकले. मी ते प्रत्यक्ष बघितलं. पानावरून उठायचं? भरल्या पानावरून? ज्या एका गोष्टीवरून त्यांनी भावाला इतकी वर्षं दूर ठेवलं, तीच आपण करायची, त्याच्यादेखत? ते नुसते बसून राहिले. बाहेर पाऊस पडत होता आणि काकू भांडं धरून उभी होती. तिच्या हाताला चटका बसत असणार, भांडं हातात फिरवत होती, पण ती हलली नाही. तीही काही साधी नव्हती.

मौनात जेवणाऱ्याला वाढायला आलं की तो बोलत नाही. नको असेल तर दोन्ही हात पानावर आडवे धरतो. हवं असेल तर हात बाजूला घेतो. बस, एवढंच.

अप्पांनी हात बाजूला घेतला.

काकूने वाढलं. भरपूर वाढलं, सासरच्या माणसाला वाढतात तसं, पोदुम, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत, आणि अप्पा मौनात असल्यामुळे पोदुम म्हणू शकत नव्हते. त्यांनी सगळं खाल्लं. शेवटचा घास गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते जेवण जास्त झाल्यामुळे, असं ते पुढे मरेपर्यंत सांगत राहिले.

ताटं उचलली गेली. अप्पांच्या पुढे तो ओला कागद राहिला, टोमॅटोच्या डागांचा. त्यांनी त्याची वरची कड धरली, सावकाश आपल्याकडे आणली, इटली मधोमध दुमडली आणि वरून तळहात फिरवला. मग मौन सोडायला आचमन केलं, खाकरले, आणि इतक्या वर्षांत भावाशी पहिलं वाक्य बोलले.

"मुकुंदा, तुझं पान उघडं आहे."

काकाने खाली बघितलं. कागद दुमडायला त्याला वेळ लागला. ओला कागद फाटत होता. नकाशाच्या टोकाचं ते बेट बाहेरच राहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अम्माने डबा उघडला आणि पाचव्या खुर्चीवर काकूला बसवून तिला चिंचेचा भात वाढला. काकू म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे वहिनी." अम्मा म्हणाली, "पाऊस आहे, मीठ ओलं होतं." आणि मग त्या दोघींचं जे सुरू झालं ते संध्याकाळची बस येईपर्यंत.

लग्नाला काका-काकू दोघंही आली. पहिल्या पंगतीत बसली. पण हे सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. त्यानंतर अप्पांनी काकाबद्दल जितक्या तक्रारी केल्या तितक्या आधीच्या अबोल्यात केल्या नव्हत्या. तो घोरतो, तो घरी आला की पंखा पाचवर ठेवतो, माझ्या पैशाने पेपर वाचतो आणि शब्दकोडं आधीच सोडवून टाकतो. मला पुण्याला फोन करून सांगायचे, "हा सारखा येतो गे." मी म्हणायची, "मग नका बोलावू." तर म्हणायचे, "मी कोठं बोलावतों? येतोय तर येऊ दे." दर ऐप्पसीत दोघं म्हातारे तुला-स्नानाला बरोबर जायचे आणि दोघांची धोतरं वाळत नाहीत म्हणून अम्मावर बरोबर ओरडायचे.

अप्पा गेले तेही ऐप्पसीतच. त्यांना दुसरा कुठला महिना कसा सुचला नाही कोण जाणे. तेराव्याला पंगत बसली तेव्हा अंगणात मांडवावर पाणी साचून कापड फुगलं होतं आणि कुणीतरी काठीने ते वर ढकलत होतं. मी पुण्याहून आलेली, डोळे जळत होते, आणि सगळ्यांचा नुसता राग येत होता. भटजींचा, पावसाचा, फोनवर मोठ्याने बोलणाऱ्या एका चुलतभावाचा. काका माझ्या शेजारी बसला होता. तो नीट जेवला. पायससुद्धा.

जेवण झालं आणि माणसं एकेक पान पलीकडे दुमडायला लागली, तेराव्याला दुमडतात तशी. काकाने आपल्या पानाची वरची कड धरली आणि आपल्याकडे आणली.

वाढणारे एक आजोबा लगेच ओरडले, "ऐयो, मुकुंदराव! पलीकडं, पलीकडं! आज कोणता दिवस आहे? अण्णा असता तर ओरडला असता!"

काकाने पानावरून तळहात फिरवला, अगदी अप्पांसारखा.

"ओरडू दे," तो म्हणाला. "ओरडू दे त्याला. तेवढं तरी ऐकू येईल."

मी माझं पान बघितलं, आणि आपल्याकडे दुमडलं.